सखल काठाचे गाव : वाल नदीवरील लेंटचे प्रकरण

नेदरलँड्सच्या पूर्व भागात, गेल्डरलँड प्रांतात, वाल नदीच्या उत्तर काठावर लेंट हे गाव आहे. नदीच्या पलीकडे, दक्षिण काठावरच्या टेकड्यांवर, नायमेखन हे रोमन काळापासून नांदते शहर उभे आहे. 2000 सालाच्या सुमारास लेंटच्या रहिवाशांना कळले की त्यांच्या गावाचा पूररोधक बांध नदीपासून सुमारे 350 मीटर मागे सरकवण्याचा सरकारचा विचार आहे, त्यासाठी 50 च्या आसपास घरे पाडावी लागतील, आणि मोकळ्या होणाऱ्या जमिनीत नदीचा एक नवा प्रवाह खोदला जाईल. ज्या देशाने शेकडो वर्षे पाण्याकडून जमीन मिळवली आणि राखली, त्या देशात वस्ती उठवून जमीन पाण्याला परत देण्याचा हा प्रस्ताव होता. तो पुढे अमलातही आला. या टिपणात त्या निर्णयाची कारणे, त्याची अंमलबजावणी आणि त्याचे परिणाम तपासले आहेत. मात्र त्यासाठी आधी गावाची भूमी आणि गावाचा इतिहास पाहावा लागतो, कारण लेंटच्या बाबतीत या दोन गोष्टी वेगळ्या काढताच येत नाहीत. उंच काठ आणि सखल काठ यांच्यातील विषम नात्याचे हे प्रकरण आहे, असे माझे मत आहे.

एका शब्दाचा खुलासा

पुढे वारंवार येणाऱ्या ‘बांध’ या शब्दाविषयी आधीच सांगितलेले बरे. आपल्याकडे बंधारा म्हटले की नदीच्या आडवा, पाणी अडवणारा अडथळा डोळ्यांसमोर येतो. डच बांध नदीच्या आडवा नसून नदीला समांतर, दोन्ही काठांनी मैलोन्मैल धावतो. तो चिकणमातीचा, गवताने झाकलेला, वर रस्ता असलेला उंचवटा असतो. बांध आणि नदीचे पात्र यांच्यामध्ये जी गाळाची पट्टी राहते, तिला आपल्याकडे मळई म्हणता येईल. उन्हाळ्यात तिथे गुरे चरतात आणि हिवाळ्यातील पुरात ती पाण्याखाली जाते. नदी किती पाणी वाहून नेऊ शकेल हे एकट्या पात्रावर ठरत नाही. दोन बांधांमधली एकूण रुंदी, म्हणजे पात्र अधिक मळई, हे खरे माप असते.

भूमी

ऱ्हाइन नदी जर्मनीतून लोबिथजवळ नेदरलँड्समध्ये प्रवेश करते. तिथे तिचा सरासरी प्रवाह सेकंदाला सुमारे 2,200 घनमीटर असतो. सीमेपासून थोड्याच अंतरावर, पानर्डेनजवळ, नदी दुभंगते आणि तिचे सुमारे दोन तृतीयांश पाणी वाल या शाखेत जाते. उरलेले पाणी 1707 साली वाहता झालेल्या पानर्डेन कालव्यातून पुढे जाऊन नेडरराइन आणि आयसल या दोन शाखांत विभागले जाते. ही वाटणी निसर्गाने ठरवलेली नाही. ती अठराव्या शतकापासून माणसाने खोदून, बांधून आणि करार करून राखलेली आहे, आणि तिच्यावर देशाच्या पिण्याच्या पाण्यापासून जलवाहतुकीपर्यंत बरेच काही अवलंबून असल्यामुळे अभियंते तिला सहसा धक्का लागू देत नाहीत. हा मुद्दा पुढे पुन्हा येणार आहे.

दुभंगापासून सुमारे 17 किलोमीटर खाली आल्यावर वाल नायमेखनला भिडते. सपाटीसाठी प्रसिद्ध असलेल्या या देशात नायमेखन चक्क टेकड्यांवर वसलेले आहे. दीड लाखाहून अधिक वर्षांपूर्वीच्या हिमयुगात उत्तरेकडून आलेल्या हिमनदीने आपल्यापुढे वाळू आणि दगडगोटे ढकलत नेले आणि त्यांची जी रांग मागे राहिली, तिच्याच कडेवर हे शहर आहे. त्यामुळे येथे नदीला दक्षिणेकडे सरकण्यास वाव नाही. टेकडीला घासून ती झपकन वळते, आणि नेमक्या याच वळणावर तिची जागाही आक्रसते. वरच्या बाजूला एक किलोमीटर किंवा त्याहून अधिक असलेले दोन बांधांमधले अंतर येथे पूर्वी सुमारे 450 मीटरांवर येत असे. एका बाजूला हलवता न येणारी टेकडी आणि दुसऱ्या बाजूला लेंटचा बांध, अशा चिमट्यातून ऱ्हाइनच्या महापुराचा सर्वांत मोठा हिस्सा जात होता.

लेंट ज्या भूभागाच्या दक्षिण टोकावर आहे त्याचे नाव बेटुवे. उत्तरेला नेडरराइन आणि दक्षिणेला वाल, अशा दोन नद्यांमध्ये पसरलेला हा लांबट प्रदेश आहे. नदी पूर आणते तेव्हा जड वाळू आणि गाळ काठालगतच टाकते, तर हलकी चिकणमाती दूरवर वाहत जाऊन सखल भागात बसते. त्यामुळे काठाची पट्टी आतल्या जमिनीपेक्षा किंचित उंच आणि निचऱ्याची राहते. जुनी गावे, रस्ते आणि फळबागा याच पट्टीवर आहेत. मागचा चिकणमातीचा, पाणथळ भाग पूर्वी कुरणांसाठी सोडला जाई. लेंटही याच काठपट्टीवर वसले. तिथली सुपीक, भुसभुशीत माती आणि पलीकडे असलेली शहराची बाजारपेठ यांमुळे भाजीपाला, फळे आणि फुले यांची लागवड हाच गावाचा प्रमुख धंदा झाला. विसाव्या शतकात काचगृहांच्या रांगा ही गावाची ओळख बनली होती.

म्हणजे समोरच्या टेकडीच्या तुलनेत लेंट सखल आहे, पण बेटुवेच्या अंतर्भागाच्या तुलनेत ते उंच आहे. मध्ययुगात, विशेषतः चौदाव्या शतकापर्यंत, बेटुवेभोवतीचे सुटे बांध जोडून अखंड कडे तयार झाले, तेव्हा या अर्ध्या उंचीच्या पट्टीला बांधाचे कवच मिळाले. मात्र त्याच कवचाने नदीचा मार्गही कायमचा ठरवून टाकला. पूर्वी उत्तरेकडे पसरणारी नदी आता पसरू शकत नव्हती.

पलीकडच्या शहराची सावली

सीझरने या नदीचा उल्लेख केला आहे. रोमन साम्राज्याची सरहद्द याच मुलखात होती आणि बेटुवेचे नावही येथे राहणाऱ्या बाटाव्ही जमातीवरून आल्याचे मानले जाते. इसवी सन 69 साली या जमातीने रोमविरुद्ध बंड केले. ते मोडल्यावर नायमेखनच्या टेकडीवर रोमन फौजेचा तळ पडला. टेकडीवर सत्ता आणि सखल काठावर सत्तेची निकड, ही मांडणी तेव्हापासूनची आहे.

तिचा सर्वांत स्पष्ट नमुना 1590 सालचा आहे. स्पेनविरुद्धच्या डच स्वातंत्र्ययुद्धात नायमेखन स्पेनच्या बाजूला होते. शहर घेण्यासाठी डच सेनापती मॉरिसने समोरच्या काठावर, लेंटच्या भूमीत, क्नोडसेनबुर्ख नावाचा किल्ला उभारला. पुढच्या वर्षी उन्हाळ्यात स्पेनच्या बाजूचा सेनापती, पार्माचा ड्यूक, याने त्या किल्ल्याला वेढा घातला, पण मॉरिस मदतीला धावून आला आणि पार्माला माघार घ्यावी लागली. ऑक्टोबर 1591 मध्ये नायमेखन शरण आले. किल्ला लेंटचा, पण लढाई लेंटसाठी नव्हती. ही जागा शहरावर नजर ठेवण्यास आणि तोफा डागण्यास सोयीची होती, एवढेच तिचे महत्त्व. एकोणिसाव्या शतकात याच काठावर पुन्हा तटबंद्या उभ्या राहिल्या, त्याही नदी ओलांडण्याच्या जागेच्या रक्षणासाठी.

नदी ओलांडण्याची व्यवस्था मात्र स्वतंत्रपणे सांगण्यासारखी आहे, कारण तिच्यात या काठाचे खास कसब दिसते. 1657 साली हेंड्रिक ह्यूक याने येथे प्रवाहावर चालणारी तराफानाव सुरू केली. नदीच्या मध्यभागी, बरेच अंतर वर, नांगर टाकून त्याला लांब साखळी जोडत. साखळी बुडू नये म्हणून ती छोट्या होड्यांच्या रांगेवर तोलून धरलेली असे आणि तिच्या टोकाला मुख्य नाव बांधलेली असे. नावेचे तोंड प्रवाहाला किंचित तिरके केले की पाण्याचा रेटा तिला एका काठाकडे ढकलतो, उलट तिरके केले की दुसऱ्या काठाकडे. उलट्या टांगलेल्या लंबकासारखी ती नदीवर झुलत राहते. वल्ही नाहीत, शीड नाही, घोडे नाहीत. या नावेला लोकांनी दिलेल्या डच नावाचा अर्थ ‘क्वचितच विसावा’ असा होता. ती व्यवस्था, सुधारित रूपात, 1936 पर्यंत चालली. 1879 साली रेल्वेपूल झाला होता, पण गाडी-घोडे आणि पुढे मोटारी यांना नावेशिवाय मार्ग नव्हता.

16 जून 1936 रोजी राणी विल्हेल्मिनाच्या हस्ते वाल पुलाचे उद्घाटन झाले. 244 मीटरांचा मुख्य गाळा असलेली ती पोलादी कमान त्या काळी युरोपातील सर्वांत मोठ्या कमानींपैकी एक होती. चार वर्षांत, 10 मे 1940 रोजी, जर्मन आक्रमण रोखण्यासाठी डच सैन्याने स्वतःच ती उडवली. जर्मन अमलात ती दुरुस्त झाली, आणि सप्टेंबर 1944 मध्ये दोस्त राष्ट्रांच्या आर्नहेम मोहिमेत तीच कमान सर्वांच्या नजरेत आली. दक्षिण टोकाकडून पूल हाती येत नव्हता, म्हणून 20 सप्टेंबरच्या दुपारी अमेरिकेच्या 82व्या हवाई डिव्हिजनच्या 504व्या रेजिमेंटचे सैनिक कॅनव्हासच्या हलक्या होड्यांतून, भर उजेडात, गोळीबाराखाली नदी पार करून लेंटच्या पश्चिमेकडील काठावर उतरले. या ओलांडणीत 48 अमेरिकी सैनिक मृत्युमुखी पडले. संध्याकाळी ब्रिटिश रणगाडे पुलावरून लेंटमध्ये पोहोचले आणि तिथेच थांबले. मोहिमेचे अंतिम लक्ष्य असलेला आर्नहेमचा पूल तिथून सुमारे 17 किलोमीटरांवर होता. तो थांबा योग्य होता की नाही यावर लष्करी इतिहासकार अजून भांडतात. लेंटच्या दृष्टीने परिणाम असा की आघाडी गावापाशीच गोठली आणि बेटुवे पुढचे कित्येक महिने रणभूमी राहिली. 2 डिसेंबर 1944 रोजी जर्मनांनी आर्नहेमजवळ एल्डेन येथे बांध फोडला आणि बेटुवेचा मोठा भाग पाण्याखाली घातला. जो बांध पुरापासून वाचवण्यासाठी होता, तोच फोडून पूर हे शस्त्र म्हणून वापरले गेले.

बांधांचा हिशेब

अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकांत बेटुवेला बुडवणारे पूर बहुधा हिवाळ्यात येत आणि त्यांचे कारण नुसते पाणी नसे. गोठलेल्या नदीचा बर्फ फुटून खाली वाहत येई, वळणावर किंवा अरुंद जागी तो अडकून बसे, आणि त्यामागे तुंबलेले पाणी बांध ओलांडी. 1809 चा पूर अशा प्रकारचा होता. एकोणिसाव्या शतकात नदीचे पात्र सरळ, एकेरी आणि ठरावीक रुंदीचे करण्यात आले. काठापासून पात्रात घुसणारे दगडी दांडे बांधून प्रवाह मध्यभागी आणला गेला, जेणेकरून बर्फ अडकू नये आणि जहाजांना खोली मिळावी. हे काम इतके यशस्वी झाले की आज वाल ही युरोपातील सर्वांत गजबजलेल्या अंतर्गत जलमार्गांपैकी एक आहे.

विसाव्या शतकात 1926 चा पूर मोठा होता. पण 1953 मध्ये समुद्राने देशाच्या नैर्ऋत्येला 1,800 हून अधिक बळी घेतले, आणि साहजिकच पैसा व लक्ष समुद्रकाठाकडे वळले. नद्यांच्या बांधांसाठी मानक मात्र तेव्हाच ठरले होते : लोबिथला सेकंदाला 18,000 घनमीटर पाणी आले तरी बांध टिकले पाहिजेत. या आकड्यापुढे बांध उंच आणि रुंद करायचे, तर बांधावरची शेकडो वर्षे जुनी घरे, झाडे आणि वळणे पुसली जाणार होती. वालच्या खालच्या अंगाला असलेल्या ब्राकेल गावात 1970 च्या दशकात तसेच घडले, आणि त्यातून इतका विरोध उभा राहिला की सरकारला समित्या नेमाव्या लागल्या. 1977 मध्ये मानक 16,500 वर आणि 1993 मध्ये 15,000 वर आणण्यात आले. आकडा खाली आला तशी बांधांची कामेही रेंगाळली.

मग डिसेंबर 1993 मध्ये पूर आला आणि जानेवारी 1995 च्या अखेरीस त्याहून मोठा आला. लोबिथला प्रवाह सुमारे 12,000 घनमीटरांवर गेला. कागदावर हा आकडा मानकाच्या बराच खाली होता. तरीही ओल्याचिंब बांधांचा भरवसा वाटेना, आणि नद्यांच्या प्रदेशातून सुमारे अडीच लाख माणसे व दहा लाखांच्या आसपास जनावरे काही दिवसांत हलवण्यात आली. बांध फुटले नाहीत. मात्र ते फुटले असते तर काय झाले असते, हा प्रश्न त्या आठवड्यानंतर मागे सारता आला नाही. तातडीच्या कायद्याने रखडलेले बांध भराभर पुरे करण्यात आले, आणि 2001 मध्ये मानक पुन्हा वाढून 16,000 घनमीटर झाले.

येथे विचाराची दिशा बदलली. बांध जितके उंच, तितके फुटल्यावर येणारे पाणी खोल. आणि बांधामागची जमीन दर पिढीत अधिक दाट वस्तीची होत होती. म्हणून वाढीव 1,000 घनमीटरांसाठी बांध चढवण्याऐवजी नदीला रुंदी द्यावी, असे ठरले. त्यातून ‘नदीसाठी जागा’ हा राष्ट्रीय कार्यक्रम आकाराला आला. 2006 मध्ये त्याला संसदेची अंतिम मंजुरी मिळाली. 30 हून अधिक ठिकाणी कामे आणि सुमारे 2.3 अब्ज युरो खर्च असा त्याचा आवाका होता. नकाशावर अडचणीच्या जागा शोधताना लेंटसमोरचा चिमटा लपून राहणे शक्य नव्हते.

निर्णय

लेंटच्या दृष्टीने हा निर्णय सर्वांत वाईट वेळी आला. जागेअभावी नायमेखनला वाढायचे होते आणि दक्षिण काठ भरला होता. म्हणून शहराने वाल ओलांडून उत्तरेकडे हजारो घरांची नवी वसाहत उभारण्याचे ठरवले होते. त्यासाठी 1998 मध्ये लेंट शेजारच्या एल्स्ट नगरपालिकेतून काढून नायमेखनला जोडण्यात आले. गावकऱ्यांना आपले स्वतंत्र गाव उपनगर होणार याची सवय करून घ्यायची होती, काचगृहांच्या जमिनी विकल्या जात होत्या, आणि तेवढ्यात कळले की जिथे नवी घरे येणार त्याच काठावरची जुनी घरे पाडून नदी आत येणार आहे. एकाच भूमीवर एका सरकारी योजनेने वस्ती रेखली होती आणि दुसरीने पाणी.

रहिवाशांचे आक्षेप केवळ भावनेचे नव्हते. पुराची शक्यता शतकांत मोजली जाते, मग घरे आत्ताच का पाडायची, हा एक प्रश्न होता. मळई खोल करून किंवा इतरत्र जागा राखून तेवढाच परिणाम साधणार नाही का, हा दुसरा. पर्यायी आराखडे मांडले गेले आणि तपासलेही गेले. नायमेखनची नगरपालिकाही सुरुवातीला अनुकूल नव्हती. मात्र अडचण कुठे आहे हे भूगोलानेच ठरवले होते. टेकडी हलत नाही. अरुंद जागा रुंद करायची तर ती सखल काठाकडूनच. मळई खोल करण्याचा उपाय स्वस्त होता, पण त्याने पाण्याची पातळी फार उतरत नव्हती आणि गाळ बसून काही वर्षांत ती खोली भरून येण्याची शक्यता होती.

येथे जलशास्त्रातील एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे, कारण तिच्यावाचून लेंटची तक्रार आणि सरकारचा आग्रह दोन्ही अर्धवट कळतात. वाल आपल्या मैदानी भागात संथ उताराने वाहते. अशा नदीतील अरुंद जागा रुंद केली, तर पुराची पातळी त्या जागी आणि तिच्या वरच्या बाजूला उतरते. खालच्या बाजूला तिचा लाभ जवळपास मिळत नाही. म्हणजे लेंटमध्ये मोकळी केलेली प्रत्येक एकर जमीन लेंटपेक्षा नायमेखनच्या नदीकाठाला आणि वरच्या अंगाच्या कित्येक किलोमीटर बांधांना उपयोगी पडणार होती. त्यात आणखी एक गुंता होता. वालची पातळी वरपर्यंत उतरली, तर पानर्डेनच्या दुभंगावर तिच्यात अधिक पाणी ओढले जाईल आणि तीन शतके राखलेली वाटणी बिघडेल. म्हणून लेंटचे काम एकट्याने ठरवता येत नव्हते. इतर शाखांवरच्या कामांशी त्याचा तोल सांभाळावा लागला.

पुढे नगरपालिकेने भूमिका बदलली आणि हे काम स्वतःच्या हाती घेतले. तिचा हिशेब स्वार्थी होता आणि शहाणपणाचाही : काम होणारच असेल, तर ते निव्वळ खड्डा न राहता शहराला नदीच्या दोन्ही काठांवर नेणारे असावे. माझ्या मते या प्रकरणातील खरे वळण हेच आहे. 350 मीटर हा आकडा गावाच्या विरोधाने बदलला नाही, पण त्या 350 मीटरांत काय असेल हे मात्र बदलले.

काम

2013 मध्ये प्रत्यक्ष खोदाई सुरू झाली आणि 2016 च्या आरंभी काम पुरे झाले. खर्च सुमारे 35 कोटी युरो झाला. सुमारे 3 किलोमीटर लांब आणि 150 ते 200 मीटर रुंद असा नवा प्रवाह खोदण्यात आला. त्याला स्पीखेलवाल, म्हणजे ‘आरसा-वाल’, असे नाव मिळाले. त्याच्या वरच्या तोंडाशी एक उंबरठा ठेवला आहे. नदी नेहमीच्या पातळीवर असते तेव्हा पाणी तो उंबरठा ओलांडत नाही, नवा प्रवाह खालच्या टोकाने नदीशी जोडलेल्या शांत जलाशयासारखा राहतो आणि जहाजांसाठी लागणारी खोली मूळ पात्रातच टिकते. पूर आला की पाणी उंबरठ्यावरून आत शिरते आणि नदीला दुसरी वाट मिळते. मोठ्या पुरात यामुळे पातळी सुमारे 35 सेंटिमीटर उतरते. वाचकाला हा आकडा किरकोळ वाटेल. पण नदीच्या बांधांच्या जगात, जिथे काही सेंटिमीटरांसाठी वर्षानुवर्षे वाद चालतात, तिथे एका ठिकाणी एवढी उतार मिळणे ही मोठी गोष्ट आहे.

बाहेरून दिसत नाही असे एक काम त्याहून अवघड होते. बेटुवेत वरचा चिकणमातीचा थर पातळ आहे आणि त्याखाली जाड वाळू आहे. नदीची पातळी चढली की पाणी बांधाखालच्या या वाळूतून झिरपत आत येते आणि तळघरांत, बागांत, रस्त्यांवर उमळते. झिरपा जोरकस झाला तर वाळू वाहून जाऊन बांधच पोकळ होतो. नदी गावाच्या 350 मीटर जवळ आणायची, तर हा झिरपाही तेवढाच जवळ येणार होता. म्हणून नव्या बांधाच्या रेषेत जमिनीत खोलवर पाणी अडवणारी भिंत घालावी लागली. शिवाय हा 1944 चा रणमुलूख असल्यामुळे खोदण्याआधी जमिनीत न फुटलेला दारूगोळा शोधणे भाग होते.

जुन्या काठाचा जो तुकडा दोन प्रवाहांच्या मध्ये राहिला, तो बेट झाला. त्याचे नाव फ्यूर-लेंट. स्थानिक बोलीत ‘पुढचे लेंट’. बेटावर काही जुनी घरे राहिली आणि त्यांतील माणसे, जी कालपर्यंत बांधाच्या आड सुरक्षित होती, ती आता चहूबाजूंनी पाण्यात आहेत. बेटाला जोडण्यासाठी नवे पूल बांधले गेले. 1936 चा वाल पूल पूर्वी जिथे जमिनीवर उतरत असे तिथे आता पाणी होते, म्हणून तो काँक्रीटच्या कमानींनी उत्तरेकडे लांबवण्यात आला. लेंटमधून बेटावर जाणारा लेंटलोपर हा रहदारीचा पूल झाला. पायी जाणाऱ्यांसाठीचा झालिखे पूल मला या सर्वांत बोलका वाटतो : त्याचा मधला भाग उंच आहे, पण टोके मुद्दाम सखल ठेवली आहेत. पुराच्या दिवसांत त्याच्याकडे जाणारी वाट पाण्याखाली जाते आणि ठोकळ्यांवरून उड्या मारत पुलावर पोहोचावे लागते. पूर आला आहे हे कळावे, अशीच ही रचना आहे.

याच काळात, थोडे पश्चिमेला, 23 नोव्हेंबर 2013 रोजी ‘दे ओव्हरस्टेक’, म्हणजे ‘ओलांडणी’, हा रस्त्याचा नवा पूल खुला झाला. 1944 मध्ये अमेरिकी होड्या जिथून गेल्या त्याच्या जवळच तो आहे. त्याच्यावर दिव्यांच्या 48 जोड्या आहेत. ऑक्टोबर 2014 पासून रोज सूर्यास्ताच्या वेळी एक माजी सैनिक पुलावरून लेंटच्या दिशेने चालत जातो आणि त्याच्या चालीने एकेक जोडी उजळत जाते.

परिणाम आणि उरलेले प्रश्न

सुरक्षेच्या निकषावर हे काम यशस्वी आहे. जुलै 2021 मध्ये, पश्चिम जर्मनी आणि बेल्जियमला उद्ध्वस्त करणाऱ्या पावसानंतर, वाल उन्हाळ्यात सहसा न दिसणाऱ्या उंचीवर गेली, तेव्हा नव्या वाटेने आपले काम केले. काठाला पायऱ्यांची उतरण, बेटावर उद्यान, शांत पाण्यात नौकानयन आणि पोहणे, हे सर्व आले. जहाजांची वर्दळ आणि ओढ यांमुळे वालच्या मुख्य पात्रात पोहणे जिवावरचे असते. आरसा-वालने शहराला पहिल्यांदा उतरता येईल असे पाणी दिले. नव्या बांधामागे वसाहत वाढत राहिली आणि तिथल्या घरांना नदीकाठाची किंमत मिळाली.

ज्या 50 कुटुंबांची घरे गेली त्यांना भरपाई मिळाली, पण काठाच्या नव्या किमतीचा लाभ त्यांना नव्हे, नंतर येणाऱ्यांना मिळाला. प्रकल्पाच्या कौतुकाच्या अहवालांत हा मुद्दा एका ओळीत आटोपला जातो. मला तो तेवढा छोटा वाटत नाही. काचगृहांचे लेंटही राहिले नाही. 1590, 1944 आणि 2013 या तिन्ही वेळी समोरच्या काठाच्या गरजेने या काठाची जमीन घेतली, असे म्हणणे ढोबळमानाने खरे आहे, फरक एवढाच की तिसऱ्या वेळी गावाला आपल्या वाट्याच्या जमिनीवर काय उभे राहावे याविषयी बोलता आले.

तांत्रिक बाजूने नवा प्रश्न नेमका उलट दिशेने आला आहे. एकोणिसाव्या शतकात सरळ आणि अरुंद केलेले पात्र स्वतःला खोल खोदत चालले आहे. वालचा तळ वर्षाला साधारण एक ते दोन सेंटिमीटर खचतो. तळ उतरला की कोरड्या ऋतूत पातळीही उतरते, मळई सुकते, बंदरांचे आणि लॉकचे (जहाजे वर-खाली नेणाऱ्या जलद्वारांचे) उंबरठे उघडे पडतात, आणि पानर्डेनची वाटणी आपोआप वालच्या बाजूला झुकते. 2018 सालात हे दोन्ही टोकांनी दिसले. जानेवारीत नदी एवढी चढली होती की झालिखे पुलाची वाट पाण्याखाली गेली आणि लोक ठोकळ्यांवरून ये-जा करत होते. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये लोबिथची पातळी, जी समुद्रपातळीच्या मानकाच्या वर किती मीटर अशी मोजतात, साडेसहा मीटरांहूनही कमी झाली, म्हणजे तोपर्यंतच्या नीचांकावर गेली आणि जहाजे अर्धीमुर्धी भरून हाकावी लागली. ऑगस्ट 2022 मध्ये पुन्हा तशीच वेळ आली. शतकाच्या अखेरीस लोबिथला 18,000 घनमीटरांपर्यंत पाणी येऊ शकेल असा अंदाज धरून पुढच्या टप्प्याची आखणी चालू आहे, आणि यावेळी तिच्यात पुराइतकेच तुटीच्या पाण्याला आणि खचणाऱ्या तळाला स्थान आहे. लेंटचा उंबरठा किती उंच ठेवायचा, हा प्रश्नही त्यामुळे कायमचा मिटलेला नाही : तो उतरवला तर आरसा-वालमध्ये वाहते पाणी अधिक दिवस राहील, पण तेवढे पाणी जहाजांच्या पात्रातून कमी होईल.